चार वर्षांनी नगरसेवक एकत्र बसले, मी मागच्या बाकावर होतो

मागचा बाक (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. परवा आमच्या भागातल्या प्रभाग समितीच्या बैठकीला जाऊन आलो. आयुष्यातली पहिलीच. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं पक्षांवर घसरतं, आणि मला बोलायचंय ते एका चेंबरबद्दल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्राथमिक शाळा आहे. फाटकासमोर ड्रेनेजचं चेंबर. पहिला मोठा पाऊस झाला की झाकण उचललं जातं आणि मैलापाणी रस्त्यावर येतं. पालक विटा टाकतात, पोरं विटांवर पाय देत शाळेत शिरतात. असे तीन पावसाळे गेले. तक्रार केली की गाडी येते, चोकअप काढून जाते, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आमच्या अंदाजाने लाइनच अरुंद आहे. वरच्या अंगाला चार नव्या इमारती झाल्या, पाइप जुनाच राहिला. हे चोकअप काढणाऱ्याच्या हातातलं काम नाही. लाइन बदलायची तर पैसे मंजूर व्हायला हवेत, आणि पैसे मागायला कुणीतरी उभं राहायला हवं. ते कुणीतरीच इतकी वर्षं नव्हतं. राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले. त्याआधी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मार्च २०२२ पासून प्रशासकच होते, काही शहरांत तर २०२० पासून.

तर बैठक. नोंदवहीत नाव लिहिलं, भिंतीलगतच्या बाकावर बसलो. माझ्याशिवाय बाहेरचे दोघेच. सुरुवातीला ओळखी आणि पुष्पगुच्छ. मग विषय निघाले. एक नगरसेवक उभे राहिले आणि कचऱ्यावर दहा मिनिटं तळमळीने बोलले. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण समोर लिहून घेणाऱ्या लिपिकाचं पेन हलत नव्हतं. लिहिणार तरी काय? "सगळीकडे घाण आहे" याला कुणाच्या नावावर टाकायचं?

त्यांच्यानंतर पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक ताई उठल्या. वही उघडली. "भाजी मंडईच्या मागच्या बोळात सात खांब आहेत, त्यातले चार बंद आहेत, खांबांचे नंबर हे. रात्री आठनंतर क्लासवरून येणाऱ्या मुली तिथून जातात. कधी सुरू होतील?" विद्युत विभागाच्या अभियंत्याने नंबर उतरवून घेतले, केबल जळाल्याचं सांगितलं आणि वार सांगितला. दोन मिनिटांत विषय संपला. लिपिकाने नंबरांसकट लिहिलं.

मी घरी येईपर्यंत त्या दोन मिनिटांचाच विचार करत होतो. आपण नागरिक त्या पहिल्या नगरसेवकांसारखं बोलतो. मनापासून, आणि लिहून घेता येणार नाही असं.

कुणाला अशा बैठकांचा अनुभव असेल तर लिहा. पुढच्या बैठकीला मला चेंबर घेऊन जायचंय. कसं न्यावं?

---

वकीलकाकू:

फार चांगलं केलंत गेलात ते. कायद्याचं थोडं सांगते, उपयोगी पडेल.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३-एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असायलाच हव्यात. आपल्याकडे मुंबई सोडून बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालतात (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा). त्या अधिनियमातलं कलम २९-अ वाचा. समितीत त्या भागातले नगरसेवक असतात, प्रशासनाचा अधिकारी असतो, आणि मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांमधले तीनपर्यंत सदस्य नगरसेवक नेमू शकतात. ही शेवटची तरतूद लोकांना ठाऊकच नसते. समितीची कामं कायद्यात लिहिलेली आहेत: पाणी, मलनिस्सारण, सफाई, पावसाळी पाण्याचा निचरा यांच्या तक्रारी लवकर सोडवणं, आणि त्या भागाच्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणं. म्हणजे तुमचं चेंबर तिथला मानाचा विषय आहे. संकोच करू नका.

दुसरी गोष्ट क्षेत्र सभा. २००९ मध्ये हे कलम आलं. एका किंवा जास्तीत जास्त पाच मतदान केंद्रांच्या यादीत ज्यांची नावं आहेत ते सगळे मतदार मिळून एक क्षेत्र सभा, आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. दोन वर्षांत किमान चार सभा घेणं नगरसेवकावर बंधनकारक आहे. न घेतल्यास पद जाऊ शकतं, इतकी कडक तरतूद आहे. तरी किती जणांनी आयुष्यात क्षेत्र सभा पाहिली आहे? त्यासाठी आधी क्षेत्रं आखावी लागतात, आणि घोडं तिथेच अडतं. नवीन नगरसेवकांकडे पहिलं पत्र याच मागणीचं जावं असं मला वाटतं.

---

शेवटचा थांबा:

काकू, क्षेत्र सभेचं वाचून पोटात तुटलं. आमचं गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, ३० जूनला जी २३ गावं घेतली त्यातलं. त्याआधी ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. माझे आजोबा टोपी घालून जायचे आणि सरपंचाला नावाने हाक मारून विचारायचे, "विहिरीचा गाळ कधी काढतोस?" सरपंच उत्तर द्यायचा, कारण संध्याकाळी त्याच पारावर दोघांना बसायचं असायचं.

ग्रामपंचायत गेली आणि नऊ महिन्यांत महापालिकेची मुदत संपली. मतदान करून स्वतःचा नगरसेवक निवडायची पहिली संधी मिळाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेचार वर्षं ना सरपंच ना नगरसेवक. त्याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे) रुग्ण निघायला लागले आणि पाण्यावर संशय गेला. तपासण्या झाल्या, पथकं आली, अधिकारी राबलेही. पण त्या दिवसांत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकच प्रश्न होता: "पाणी प्यायचं का नाही, आपल्यातल्या कुणाला विचारायचं?" आपल्यातला म्हणजे ज्याला आपण मत दिलंय असा. तो नव्हता.

म्हणून माझ्यासाठी क्षेत्र सभा म्हणजे ग्रामसभा परत मिळणं आहे. बाकी काही नको.

---

रंकाळा:

कोल्हापूरकडनं बोलतो. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, म्हणजे पाच वर्षांच्या वर. आणि मधे पूर येऊन गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३. पहिल्या पुरात नगरसेवक होते, दुसऱ्या पुरात नव्हते.

खरं सांगायचं तर दुसऱ्या पुरातही माणसं बाहेर काढायला तालमीतली पोरं उतरली, माजी नगरसेवकही उतरले, पक्ष कुणी बघितला नाही. आमच्याकडं तालीम हेच मोठं सभागृह. फरक पडला तो पाणी ओसरल्यावर. पंचनाम्यात कुणाचं घर राहिलं, औषध फवारणी कुठल्या गल्लीत झाली न्हाई, ह्याची यादी हातात घेऊन सभेत उभं राहणारं माणूस नव्हतं. राबणारे हात होते, प्रश्न विचारायचा हक्क कुणाकडं नव्हता. नगरसेवकाला कायद्यानं प्रश्न विचारायचा अधिकार असतोय आणि प्रशासनाला उत्तर द्यावं लागतंय. मला तर वाटतं तोच त्याचा खरा पगार.

---

दुसरी पाळी:

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. मी कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो, दुपारच्या बैठकीला जाऊ शकत नाही. मोबाइलवर तक्रार केली, फोटो टाकला, दोन दिवसांत दिवा लागला. प्रशासक असतानाही लागला. मग मधे नगरसेवक कशाला? चार वर्षांत माझं तरी काही अडलं नाही.

---

मागचा बाक:

दादा, रास्त प्रश्न आहे. दिवा ॲपने लागतो, लागायलाच हवा. पण त्या दिवशी बैठकीत एक विषय निघाला तो सांगतो.

भटकी कुत्री. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलंय की महापालिकांनी प्रभागनिहाय कुत्र्यांना खाऊ घालायच्या जागा ठरवून द्याव्यात, रस्त्यावर कुठेही घालू नये. आता जागा ठरवायची कुठे? एका नगरसेवकांनी बागेच्या मागची मोकळी जागा सुचवली. दुसऱ्या म्हणाल्या, तिथून पहाटे कामावर जाणाऱ्या धुणीभांडीवाल्या बायका जातात, अंधारात, एकट्या. तिसरे म्हणाले, नदीकडेला ठेवा. तर पशुवैद्यकीय विभागाचे डॉक्टर म्हणाले, तिथे ठेवलं तर लसीकरणाची गाडी जात नाही आणि कुत्री पुन्हा वस्तीत येतात. वीस मिनिटं चर्चा झाली. आवाज चढले, पण कुणी कुणाचा अपमान केला नाही. शेवटी दोन जागा आणि वेळा ठरल्या, पहाटेची वेळ वगळून.

तक्रार करायची तर ती कुणाची? खाऊ घालणाऱ्याची, का चावा झालेल्याची, का पहाटे जाणाऱ्या मावशींची? तिघांचंही बरोबर होतं. ॲपवर तीन तक्रारी आल्या असत्या आणि तिन्ही "निकाली" निघाल्या असत्या. एका खोलीत बसल्यामुळे पहाटेच्या बायकांचा विचार झाला. तेवढ्यासाठी मला नगरसेवक हवेत.

वेळेचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं. बैठक कामाच्या दिवशी दुपारी होती. रोजंदारीवरचा माणूस कसा येणार?

---

अंगणवाडीताई:

त्या नगरसेविकाताईंना माझा नमस्कार सांगा. पहाटेच्या बायकांचं कुणी बोललं हे वाचून बरं वाटलं. माझी आई तेच काम करायची.

---

माजी सेविका:

मी एक मुदत नगरसेविका होते. महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये झालं, त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, २०१२ मध्ये. शहर मीही लिहीत नाही.

पहिली बैठक माझी रडवेली गेली होती. कार्यपत्रिका हातात आली, तीत विषयांचे क्रमांक होते, "उपसूचनेसह मान्य", "तहकूब", "वर्गीकरण" असे शब्द होते, आणि मला वाटत होतं की हे सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. तीन महिने नगरसचिव कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या एका वयस्क लिपिकांनी मला इतिवृत्त वाचायला शिकवलं. ते म्हणाले, "ताई, सभागृहात काय गाजलं ते पेपरात येतं. काय ठरलं ते इथे येतं." ते वाक्य मी आजही घोकते.

मागचा बाक यांनी विचारलंय चेंबर कसं न्यावं. माझ्या अनुभवातून सांगते.

एका कानावर एकच काम घाला. लोक माझ्याकडे यायचे ते अकरा कामांची यादी घेऊन. रस्ता, पाणी, शाळेतला प्रवेश, भावाची बदली, सगळं एका कागदावर. मी काय मागणार? ज्याने एकच काम, जागेच्या खुणेसह, फोटोसह, "आधी काय काय झालं" हे तारखांनी लिहून आणलं, त्याचं काम मी सभेत वाचून दाखवू शकले. तुमच्या चेंबरचा कागद एका पानाचा करा. चोकअप किती वेळा काढला त्या तारखा लिहा. त्या तारखाच सांगतील की दुरुस्तीने भागत नाही.

दुसरं, चार सदस्यांच्या प्रभागात सगळ्यात मोठी अडचण ही की काम चौघांचं म्हणजे कुणाचंच नाही. मुंबईत अजून एका वॉर्डाला एक नगरसेवक आहे, २२७ वॉर्ड, २२७ माणसं. बाकीच्या शहरांत पद्धत सारखी बदलत गेली: २००२ ला तिघांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा, आणि आताही बहुतेक ठिकाणी चौघांचाच. लोकांना आपला नगरसेवक कोण हे कळेपर्यंत मुदत संपते. म्हणून पत्र चौघांच्याही नावाने द्या, पोच चारही घ्या, आणि "पाठपुरावा कोण करणार" हे चौघांसमोर विचारा. एकजण हो म्हणतोच, कारण बाकीचे तिघे ऐकत असतात.

तिसरं पैशाचं. लाइन बदलायचं काम चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात नसेल तर नुसत्या इच्छेने होत नाही. एक तर कुठल्या तरी कामाचा न लागलेला पैसा वर्गीकरणाने वळवावा लागतो, त्याला मंजुरी लागते. नाहीतर पुढच्या १ एप्रिलची वाट. पुढच्या वर्षासाठी मागायचं तर दिवाळीच्या आधीच मागायला हवं. जानेवारीच्या सुमारास आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, तोवर आकडे बसलेले असतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून पाच लाखांपर्यंतची कामं अंदाजपत्रकासाठी सुचवून घेतात. तशी सोय तुमच्या शहरात आहे का बघा. ड्रेनेज लाइन तेवढ्यात बसणार नाही कदाचित, पण चेंबर उंच करणं, जाळी बसवणं बसेल.

आणि नगरसेवकांच्या बाजूनेही एक सांगते. पहाटे साडेपाचला फोन यायचा, टँकर आला नाही म्हणून. रात्री अकराला यायचा, मयताचा दाखला हवा म्हणून. मी जायचे. मला ते आवडायचंही. पण त्यात पाच वर्षांत सभागृहात विचारायचे पन्नास प्रश्न राहून गेले. लोकांनी मला लग्नाला बोलावलं, बारशाला बोलावलं, "सभेत काय विचारलंस" हे कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारा. मला कुणी विचारलं असतं तर मी अधिक चांगली नगरसेविका झाले असते.

---

वकीलकाकू:

ताई, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे.

---

बे एरियातून:

मी सॅन होजेला राहते, माहेर सातारा. इथे शहराचे दहा भाग आहेत, प्रत्येकाचा एक कौन्सिल सदस्य, वर महापौर. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन ॲक्ट आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावावीच लागते, आणि पत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायची वेळ राखलेली असते. माणसं रांगेत उभी राहून एक-दोन मिनिटं बोलतात. आमच्या शाळेजवळ रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा हवी म्हणून मीही बोलले. पाय लटपटत होते. इंग्रजीचं भय वाटत होतं म्हणून कागदावर लिहून नेलं होतं.

इथलं सगळं छान असं मला सुचवायचं नाही. संध्याकाळच्या बैठका मध्यरात्रीपर्यंत चालतात, लहान मुलांच्या आया थांबू शकत नाहीत. पण ७२ तास आधीची पत्रिका ही गोष्ट मला मोलाची वाटते. उद्या काय बोललं जाणार हे आज कळलं तर माणूस तयारी करून येतो. बैठकीची कार्यपत्रिका प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर लावा, एवढी मागणी करता येईल का?

---

वकीलकाकू:

करता येईल, आणि माहिती अधिकार कायद्याचा आधारही आहे. २००५ च्या त्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्तं मिळतात का, हे कार्यालयाने कुणी न विचारता स्वतःहून जाहीर करावं. अर्ज करायची वेळच येऊ नये असा त्यामागचा हेतू. मुख्य सभाही, सदस्यांनी बहुमताने बंद दाराआड घ्यायचं ठरवलं नाही तर, लोकांना खुली असते. प्रेक्षक गॅलरी त्यासाठीच असते.

---

शेवटचा थांबा:

गॅलरीवरून जुनी गोष्ट आठवली. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं घाटलं, तेव्हा विरोध करणारे ते एकटे. तो पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर लावा म्हणाले. त्यांचा विरोध हरला असेल, पण त्यांचं म्हणणं राहिलं, म्हणून आज आपण ते सांगू शकतो. आमच्या शाळेत गुरुजींनी हे इतक्या वेळा सांगितलं की पाठ झालं, पण नगरपालिकेच्या बैठकीशी त्याचा संबंध आज पहिल्यांदा जोडला गेला.

---

पाणीवार:

आमच्या शहरात पाणी सहाव्या दिवशी येतं. मंगळवारी आलं की पुढचं सोमवारी. लग्नाची तारीख काढताना पाण्याचा दिवस बघतात. नगरसेवक आले म्हणून धरणातलं पाणी वाढणार नाही, हे मला कळतं. माझी मागणी त्याहून लहान आहे. कुठल्या भागाला किती वाजता सुटणार याचं वेळापत्रक जाहीर करा, आणि बदललं तर आदल्या रात्री कळवा. बायका सुट्टी टाकून घरी थांबतात आणि पाणी येतच नाही. प्रभाग समितीत हे मांडता येईल ना?

---

माजी सेविका:

नक्की मांडा. याला पैसा लागत नाही, फक्त ठरवावं लागतं. अशी मागणी नाकारायला कुणाकडे कारण नसतं. किती घरांची मजुरी बुडते ते पाच-दहा बायकांकडून लिहून घ्या आणि त्यांतल्या दोघींना सोबत न्या. तुम्ही बोलण्यापेक्षा त्या बोलल्या तर बैठक वेगळी होते.

---

रंकाळा:

गणपतीचा विषय कुणी काढला न्हाई अजून. आमच्या भागात दरवर्षी विसर्जनाच्या हौदाच्या जागेवरनं वाद. गेल्या वर्षी उच्च न्यायालयानं सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असं सांगितलं. म्हणजे हौद जास्ती लागले. ऐनवेळी गाडी येऊन लोखंडी टाकी ठेवून जाते, उतारावर, वाटेत. मिरवणूक तिथंच अडते, म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो. हौद कुठं ठेवायचा ते मंडळांना विचारून जूनमध्येच ठरवा, असं पत्र आम्ही तालमीतर्फे देतोय. जागेचा नकाशा जोडलाय. उत्सव आपला, तर त्याची आखणी पण आपण करायला पाहिजे.

---

दुसरी पाळी:

धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. माझं मत थोडं बदललंय. माझी पाळी दुपारी तीनला सुरू होते, म्हणजे सकाळी मोकळा असतो. क्षेत्र सभा रविवारी सकाळी झाली तर मी येईन, आणि कंपनीतले आठ-दहा जण घेऊन येईन. क्षेत्र आखणीच्या मागणीच्या पत्राचा मसुदा कुणी टाकेल का? आमच्या भागातल्या चारही नगरसेवकांना मी स्वतः नेऊन देतो.

---

वकीलकाकू:

मसुदा रात्री टाकते. एका पानाचाच करते, माजी सेविकाताईंचा नियम.

---

मागचा बाक:

महिना झाला, काय घडलं ते लिहितो.

तुम्ही सांगितलंत तसं एक पान केलं. चोकअप काढल्याच्या तारखा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने वहीत लिहून ठेवल्या होत्या, मला माहीतच नव्हतं. तीन पावसाळ्यांत सतरा वेळा. चारही नगरसेवकांना पत्र दिलं, पोच घेतली. बैठकीला मुख्याध्यापिकाबाई आल्या, दोन पालक आले, वॉचमनही आला. त्या वहीवाल्या नगरसेविकाताई आमच्या प्रभागाच्या नाहीत, तरी त्यांनीच आधी म्हटलं की शाळेचा विषय वरती घ्या.

पाठपुरावा कोण करणार असं मी चौघांसमोर विचारलं. क्षणभर शांतता. मग ज्यांनी मागच्या वेळी कचऱ्यावर दहा मिनिटं भाषण केलं होतं, तेच म्हणाले, "मी करतो." आणि केला. दुसऱ्याच आठवड्यात अभियंत्यांना घेऊन सकाळी सातला हजर. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा ठेवला. तीन चेंबरं उघडली. वरून येणारी लाइन नऊ इंची, शाळेपाशी ती सहा इंचीत शिरते. म्हणजे नऊ इंचीतून भरून आलेलं पाणी सहा इंचीत मावतच नाही. तीन वर्षं आम्ही झाकणाला दोष देत होतो. अभियंता स्वतः म्हणाले की गाडी पाठवून उपयोग नाही, साधारण साठ मीटर लाइन बदलावी लागेल.

इतिवृत्ताची प्रत आज हातात आली. त्यात वाक्य आहे: "शाळेसमोरील मलवाहिनीची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व वर्गीकरणाचा प्रस्ताव पुढील बैठकीत ठेवावा." सतरा तारखाही जोडपत्रात आहेत. वॉचमनला प्रत दाखवली. त्याने आपली वही आणि ती प्रत शेजारी शेजारी धरून प्रत्येक तारीख बोटाने तपासली.

काम अजून झालेलं नाही. पैसे वळवायला मंजुरी हवी आणि मृगाच्या आत खोदाई पुरी व्हायला हवी, नाहीतर पुन्हा विटा. पुढची बैठक २० तारखेला दुपारी साडेतीनला आहे. बैठक संध्याकाळी घ्यावी असंही पत्र दिलंय, ते या वेळी विषयपत्रिकेवर आलंय. विषय क्रमांक सहा. आमच्या भागातले जे हा धागा वाचत असतील त्यांनी यावं. मी तीनपासून फाटकाशी उभा असेन, वॉचमनची वही माझ्याकडे आहे.